कनेक्शन ज्याच्या नावावर, जबाबदारी त्याची: इंटरनेटचा करार आणि घरातली सुरक्षितता

रानवारा (धागाकर्ती)

घरी इंटरनेट घेताना आपण वेग विचारतो, पैसे विचारतो, राउटर वेगळा घ्यावा लागेल का ते विचारतो, आणि "अटी मान्य आहेत" या चौकोनात खूण करून मोकळे होतो. या वेळी कंपनी बदलताना मी सेवेच्या अटी, वापराचं धोरण आणि गोपनीयता धोरण हे तिन्ही कागद शेवटपर्यंत वाचले. मग राहवलं नाही म्हणून आणखी काही कंपन्यांचेही काढून वाचले. भाषा वेगवेगळी, पण गाभा जवळपास तोच.

सगळ्यात महत्त्वाचं कलम हे: या कनेक्शनवरून जे काही होईल त्याला खातेदार जबाबदार. मग ते तुम्ही केलेलं असो, मुलाने केलेलं असो, पासवर्ड मागून घेतलेल्या पाहुण्याने केलेलं असो, नाहीतर दारावरच्या कॅमेऱ्याने परस्पर केलेलं असो.

यामागे तांत्रिक कारण आहे. बाहेरच्या जगाला तुमचं घर साधारणपणे एका आयपी पत्त्याने, म्हणजे इंटरनेटवरच्या ओळखीच्या क्रमांकाने, दिसतं. आत फोन किती, लॅपटॉप किती, टीव्ही किती याचा बाहेर पत्ता लागत नाही. राउटर सगळ्यांची ये-जा त्या एकाच पत्त्यावरून करतो. त्यावरून स्पॅम गेलं, किंवा कुणाच्या खात्यात घुसायचा प्रयत्न झाला, की तक्रार येते ती पत्ता आणि वेळ यांची. कंपनी नोंदी बघते आणि त्या वेळी तो पत्ता कुठल्या ग्राहकाकडे होता ते शोधते. त्या घरात नेमकं कुणी काय केलं हे कळायला कंपनीला मार्ग नाही, आणि करारानुसार ते कळायची गरजही नाही.

म्हणून माझ्या मते करार आणि घरातली सुरक्षितता हे एकाच धाग्याचे विषय आहेत. वायफायचा पासवर्ड सोपा ठेवला तर कुणी नुसता आपला डेटा वापरून थांबत नाही, त्याचे उद्योगही आपल्या नावावर जमा होतात.

बाकीची कलमं भराभर सांगते. कनेक्शन घराबाहेर वाटायचं नाही. शेजाऱ्यांबरोबर बिल निम्मं निम्मं करणं बहुतेक करारांत बसत नाही. घरगुती प्लॅनवर लोकांसाठी सर्व्हर चालवायचा नाही. बऱ्याच कंपन्या बाहेर जाणारं २५ क्रमांकाचं पोर्ट (एकाच पत्त्यावरच्या क्रमांक दिलेल्या वाटांपैकी ईमेलची वाट) बंदच ठेवतात, कारण मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, शिरलेले संगणक त्याच वाटेने थेट स्पॅम पाठवतात. "अनलिमिटेड" प्लॅनच्या खाली बारीक अक्षरात रास्त वापराचं धोरण असतं, म्हणजे ठरावीक डेटा संपला की वेग उतरवला जातो. धोरण बदलायचा अधिकार कंपनीकडे राहतो, आणि बदल संकेतस्थळावर टाकला की ग्राहकाला कळवलं असं अनेकदा धरलं जातं. शिवाय तुमच्या घरातल्या उपकरणामुळे नेटवर्कला त्रास होतोय असं दिसलं, तर आधी न सांगताही कनेक्शन थांबवता येतं.

हे शेवटचं कलम कुणाच्या बाबतीत लागू झालंय का? आणि घरी तुम्ही कोणती काळजी घेता?

पारवा

झालंय. माझ्या मामांकडे. एके सकाळी कुठलंही संकेतस्थळ उघडायला जावं तर कंपनीचंच पान समोर येई: तुमच्या कनेक्शनवरून संशयास्पद वाहतूक होत आहे, खालील क्रमांकावर संपर्क साधा. मामांना वाटलं हीच फसवणूक. त्यांनी पानावरच्या क्रमांकाला हात लावला नाही, जुनं बिल काढून त्यावरच्या क्रमांकावर फोन केला. प्रकार खरा निघाला.

दोन्ही लॅपटॉप तपासले, काही सापडलं नाही. मग राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी काढली आणि एकेक बंद करत गेलो. दारावरचा जुना आयपी कॅमेरा बंद केला की राउटरचा सारखा लुकलुकणारा दिवा शांत व्हायचा. त्या कॅमेऱ्याचा पासवर्ड कारखान्यातून आलेलाच होता, आणि बनवणाऱ्याने त्याचे अपडेट देणं केव्हाच बंद केलेलं. कॅमेरा काढून टाकला, कंपनीला कळवलं, संध्याकाळपर्यंत इंटरनेट सुरळीत.

जुनाजाणता

मी इंटरनेट कंपनीच्या तांत्रिक मदत विभागात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पारवा यांनी सांगितलेला कॅमेऱ्याचा किस्सा अगदी नेहमीचा. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने हेच जगभर केलं. त्याच्याकडे साठेक कारखानी नाव-पासवर्डच्या जोड्यांची यादी होती. "ॲडमिन-ॲडमिन", "रूट-१२३४५६" अशा. इंटरनेटवर उघडे पडलेले कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर शोधायचे आणि ही यादी लावून बघायची, बस्स. अशा उपकरणांची फौज उभी राहिली, आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी तिने 'डिन' या डीएनएस कंपनीवर (म्हणजे संकेतस्थळांच्या नावांचे आयपी पत्ते सांगणाऱ्या कंपनीवर) इतका मारा केला की ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट यांच्यासारखी संकेतस्थळं बऱ्याच लोकांना काही तास उघडेनात. ज्यांचे कॅमेरे या कामाला जुंपले गेले होते, त्यातल्या बहुतेकांना याची गंधवार्ताही नसणार.

यातली एक गोष्ट घरच्या घरी उपयोगी आहे. मिराई उपकरणाच्या तात्पुरत्या स्मृतीतच राहतं, त्यामुळे बंद करून चालू केलं की जातं. पण पासवर्ड तोच ठेवलात तर बघता बघता परत येतं. म्हणून आधी उपकरण नेटपासून तोडा, मग बंद-चालू करा, पासवर्ड बदला आणि मगच परत जोडा. क्रम उलटा केलात तर सगळी मेहनत वाया.

आता कंपनीशी बोलण्याबद्दल. कनेक्शन थांबवलं असेल तर "आम्ही काहीच केलं नाही" असं सांगून गाडी पुढे सरकत नाही. तक्रारीची नेमकी वेळ, ती कुठल्या टाइम झोनमधली आहे, आयपी पत्ता आणि पोर्ट क्रमांक मागा. पोर्ट का, तर जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात जेमतेम ४३० कोटी आहेत आणि ते केव्हाच अपुरे पडले. म्हणून बऱ्याच कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. २०१२ पासून त्यासाठी १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होणारे पत्ते राखून ठेवलेले आहेत. तुमच्या राउटरच्या बाहेरच्या बाजूचा पत्ता यातला असेल तर तुम्ही अशा वाटणीत आहात. तिथे नुसत्या पत्त्यावरून ग्राहक ठरत नाही, पोर्ट आणि अचूक वेळ जुळावी लागते. घोळ होऊ शकतो, म्हणून मागायला संकोच करू नका. कारण नसताना संकेतस्थळं सारखी "तुम्ही माणूस आहात का" विचारत असतील, तर तेही या वाटणीमुळे असू शकतं.

आणि एक. कंपनीने दिलेला राउटर कंपनी दुरून हाताळू शकते. टीआर-०६९ नावाची व्यवस्था त्यासाठी असते. वाईट हेतूने नव्हे. अपडेट आणि दुरुस्ती घरी न येता करता येते. पण ती वाट बाहेरच्यांना उघडी राहिली तर काय होतं ते नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत दिसलं. मिराईच्या पुढच्या अवताराने ७५४७ क्रमांकाचं पोर्ट ठोठावायला सुरुवात केली आणि डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राउटर कोलमडले. म्हणून कंपनीला सरळ विचारा: राउटरचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) तुम्ही अपडेट करता की मी करायचं? शेवटचं कधी केलं? नीट उत्तर मिळत नसेल तर स्वतःचा राउटर लावायचा विचार करा.

मोरपीस

माहितीपूर्ण धागा! एक अगदी प्राथमिक शंका. आमच्या राउटरच्या तळाशी स्टिकर आहे, त्यावर दोन पासवर्ड छापलेत. वायफायचा आम्ही बदलला. दुसरा कशाचा? तो तसाच असला तर चालतं का?

रानवारा

@मोरपीस, दुसरा राउटरच्या स्वतःच्या सेटिंगचा, आणि तोच जास्त महत्त्वाचा. वायफायचा पासवर्ड असलेला माणूस तुमच्या नेटवर्कमध्ये येतो, दुसरा पासवर्ड असलेला माणूस नेटवर्क चालवतो. तो तुम्हाला बँकेच्या पत्त्यावरून भलत्याच संकेतस्थळाकडे वळवूही शकतो. तो पासवर्ड आजच बदला.

घरच्या वायफायवर असताना ब्राउझरमध्ये स्टिकरवरचा पत्ता टाका. बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. आत गेल्यावर आधी हा पासवर्ड बदला, मग "रिमोट मॅनेजमेंट" (बाहेरून राउटर हाताळायची सोय) चालू असेल तर बंद करा. वायफायच्या सुरक्षेत डब्ल्यूपीए३ असेल तर ते, नसेल तर डब्ल्यूपीए२ आणि एईएस (माहिती सांकेतिक करायची पद्धत) निवडा. डब्ल्यूईपी दिसलं तर तो राउटर निवृत्त करायच्या लायकीचा आहे, कारण ते कुलूप २००१ पासूनच मोडीत निघालंय.

डब्ल्यूपीएस म्हणजे बटण दाबून किंवा पिन टाकून जोडायची सोय. ती बंदच करा. तिचा पिन आठ आकडी असतो, त्यामुळे भक्कम वाटतो. पण शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा, आणि उरलेल्यातले पहिले चार व पुढचे तीन राउटर वेगवेगळे तपासतो. म्हणजे कोट्यवधी नाही, जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न पुरतात. हा दोष २०११ साली उजेडात आला, तरी सोय अजून अनेक राउटरमध्ये चालूच येते.

काडेपेटी

वायफायचं नावच लपवून टाका आणि फक्त आपल्या उपकरणांचे मॅक पत्ते (प्रत्येक उपकरणाचा ओळखक्रमांक) राउटरच्या यादीत घाला. बाहेरच्याला नेटवर्क दिसणारच नाही, मग पासवर्डची एवढी चिंता कशाला? आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच आहे.

जुनाजाणता

@काडेपेटी, तुमचा हेतू योग्य आहे, पण या दोन गोष्टींवर भिस्त ठेवू नका असं आग्रहाने सांगेन. लपवलेलं नाव साध्या फुकट साधनांनाही दिसतं, कारण तुमचं उपकरण जोडलं जाताना ते हवेतून जातंच. उलट तोटा असा की तुमचा फोन बाहेर गेल्यावरही त्या नावाला हाका मारत राहू शकतो. मॅक पत्ते तर हवेत उघडेच असतात. यादीतला एक टिपायचा आणि आपल्या उपकरणाला लावायचा, झालं. शिवाय २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला बनावट मॅक पत्ता देतात, त्यामुळे यादी सांभाळताना घरचेच लोक बाहेर राहतात.

खरं बळ लांब पासवर्डमध्ये आहे. डब्ल्यूपीए२ मध्ये जोडणीच्या वेळची देवाणघेवाण कुणीही टिपून घरी नेऊ शकतो आणि निवांत बसून लाखो पासवर्ड लावून बघू शकतो. त्या वेळी ना तुमचा राउटर अडवतो, ना तुम्हाला कळतं. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए३ ने ही वाट बंद केली, पण जुनी उपकरणं त्यावर चालत नाहीत. तेव्हा एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द घ्या. मुलांची नावं, गाडीचा नंबर, जन्मतारीख नको. डब्ल्यूपीए२ मध्ये ६३ अक्षरांपर्यंत मुभा आहे.

काडेपेटी

मॅक पत्ते हवेत उघडे असतात हे माहीत नव्हतं. पासवर्ड बदलतो. पण यादी ठेवेन, नवीन उपकरण आलं की निदान माझ्या परवानगीशिवाय जोडलं जात नाही.

जुनाजाणता

त्याला हरकत नाही. पाहुण्यांसाठी मात्र गेस्ट नेटवर्क, म्हणजे मुख्य वायफायपासून वेगळं ठेवलेलं वायफाय, चालू करा. आणि टीव्ही, कॅमेरे, बोलणारे स्पीकर, दिवे हेही तिकडेच टाका. त्यातलं एखादं पोखरलं गेलं तरी तुमच्या लॅपटॉपपर्यंत पोचणं अवघड होतं.

सांजसकाळ

धाग्यात गोपनीयता धोरणाचा उल्लेख आहे म्हणून विचारते. कंपनीला आपण काय बघतो ते दिसतं का? नवरा म्हणतो ब्राउझरची इनकॉग्निटो (खाजगी) खिडकी वापरली की काही दिसत नाही.

कोरा कागद

इनकॉग्निटो फक्त तुमच्या उपकरणावर इतिहास ठेवत नाही. कंपनीच्या दृष्टीने त्याने काडीचा फरक पडत नाही.

पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस असेल तर पानावरचा मजकूर, पासवर्ड, तुम्ही काय शोधलं हे कंपनीला वाचता येत नाही. पण कुठल्या संकेतस्थळावर गेलात, किती वाजता, किती डेटा आला-गेला, हे साधारणपणे दिसतं. एक म्हणजे डीएनएस: संकेतस्थळाच्या नावाचा आयपी पत्ता विचारायची विनंती. ती मुळात कंपनीच्याच सर्व्हरकडे आणि उघड्यावर जाते. दुसरं, जोडणी सुरू करताना ब्राउझर संकेतस्थळाचं नाव बहुतेक वेळा स्पष्ट शब्दांत पाठवतो.

डीएनएसची विनंती झाकता येते. ब्राउझर त्यासाठी जी पद्धत वापरतात तिचं तांत्रिक प्रमाण २०१८ साली ठरलं, आणि आता बहुतेक मोठ्या ब्राउझरांच्या सेटिंगमध्ये सुरक्षित डीएनएसचा पर्याय आहे. व्हीपीएनने (सगळी ये-जा झाकून दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरमार्फत नेणाऱ्या सेवेने) बाकीचंही झाकलं जातं, पण मग जे कंपनीला दिसायचं ते व्हीपीएनवाल्याला दिसतं. फुकट व्हीपीएन ॲप डोळे मिटून टाकणाऱ्यांना मी नेहमी विचारतो, तुमचा त्याच्यावर कंपनीपेक्षा जास्त विश्वास कशाच्या आधारावर आहे?

धोरणात मुख्य दोन गोष्टी शोधा. नोंदी किती काळ ठेवतात, आणि "भागीदारांना" काय देतात. जाहिरातींसाठी वापराला नकार द्यायची सोय असेल तर ती खात्याच्या सेटिंगमध्ये कुठेतरी खोल दडवलेली असते. शोधून बंद करा.

सांजसकाळ

धन्यवाद! मुलांसाठी म्हणून कंपनी "फॅमिली फिल्टर" देतेय, घ्यावा का?

कोरा कागद

लहान मुलं असतील तर घ्या. असे फिल्टर बहुतेक वेळा डीएनएसवरच चालतात, म्हणजे नको त्या संकेतस्थळाचा पत्ताच द्यायचा नाही. राउटरमध्ये डीएनएस बदलायची मुभा असेल तर वेगळे पैसे न देताही जमतं; उदाहरणार्थ क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ हा सर्व्हर मालवेअर आणि प्रौढ मजकूर दोन्ही अडवतो. मात्र मोबाइल डेटा चालू केला की राउटरवरचा फिल्टर संपला. आणि ज्या ॲपला वाट मोकळी आहे त्याच्या आत कोण काय मेसेज पाठवतंय हे असा फिल्टर बघत नाही.

पारवा

मुलांच्या बाबतीत माझा अनुभव असा की फिल्टरपेक्षा एक कबुली जास्त कामी येते: काही विचित्र घडलं, कुणी फोटो मागितला, चुकून कशावर क्लिक झालं, तर येऊन सांग, फोन काढून घेतला जाणार नाही. आणि मग खरंच काढून घ्यायचा नाही. फोन जाईल या भीतीने मुलं गप्प बसतात, आणि धमकावणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

मोरपीस

वडीलधाऱ्यांबद्दलही लिहा कुणीतरी. सासूबाईंना परवा फोन आला. "तुमच्या इंटरनेट कंपनीतून बोलतोय. तुमच्या राउटरमध्ये व्हायरस दिसतोय, दोन तासांत कनेक्शन बंद होईल." आवाज अगदी अदबीचा. कंपनीचं नावही बरोबर. "आई, घाबरू नका, मी सांगतो तसं करा," म्हणत त्याने एक ॲप टाकायला सांगितलं आणि त्यावर दिसणारा नऊ आकडी क्रमांक विचारला. तेवढ्यात मी खोलीत आले म्हणून निभावलं.

जुनाजाणता

@मोरपीस, तो क्रमांक दिला असता तर त्यांच्या फोनचा पडदा त्याच्यासमोर उघडला असता. मग बँकेचं ॲप उघडायला लावायचं, आणि आलेला ओटीपी त्याला आपोआप दिसतोच, विचारायचीही गरज नाही.

काही गोष्टी सासूबाईंना शांतपणे समजावा. कंपनी खरंच कळवते, पारवांच्या मामांना कळवलंच की. पण खरा कर्मचारी तुमच्या फोनमध्ये ॲप टाकायला लावून बँक उघडायला सांगत नाही, आणि ओटीपी मागत नाही. फोनवर कंपनीचा नंबर दिसला म्हणजे फोन कंपनीचाच असं नाही, तो बनावट दाखवता येतो. म्हणून "बरं, मी परत फोन करते" म्हणायचं, ठेवून द्यायचा, आणि बिलावरच्या क्रमांकावर आपण लावायचा. खरा माणूस असेल तर त्याला याचा राग येत नाही. घाई करणारा, फोन ठेवू न देणारा, "घरात कुणाला सांगू नका" म्हणणारा, हा शंभर टक्के भामटा. बिलावरचा क्रमांक मोठ्या अक्षरात लिहून राउटरवरच चिकटवा.

ॲप टाकून झालंच असेल तर आधी वायफाय आणि मोबाइल डेटा दोन्ही बंद करा, ॲप काढा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा आणि पासवर्डही दुसऱ्या उपकरणावरूनच बदला.

काडेपेटी

थोडा वेगळा मुद्दा. आता कंपनी बदलतोय. जुनीच्या करारात सोडताना बघायचं असं काय असतं?

रानवारा

@काडेपेटी, नुकतंच यातून गेलेय म्हणून सांगते. किमान मुदतीचं कलम बघा, मुदतीआधी सोडलं तर दंड असतो. नोटीस लेखी द्या आणि तक्रार क्रमांकासारखाच तिचाही क्रमांक घ्या. आपोआप पैसे कापायची परवानगी बँकेकडून स्वतः रद्द करा.

कंपनीने दिलेला ईमेल पत्ता वापरत असाल तर सगळ्यात आधी तो सोडवा. कनेक्शन गेलं की तो पत्ताही जाऊ शकतो, आणि बँकेचा किंवा दुसऱ्या ईमेलचा पासवर्ड विसरलात तर नवा करायची लिंक त्या बंद पत्त्यावर जाईल. नवीन पत्ता सगळीकडे नोंदवून झाल्यावरच नोटीस द्या.

राउटर कंपनीचा असेल तर परत द्यायच्या आधी फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे त्याला कारखान्यातल्या मूळ स्थितीत न्या. नाहीतर तुमचं वायफायचं नाव, पासवर्ड आणि जोडलेल्या उपकरणांची यादी त्यात तशीच राहते. मागच्या छोट्या भोकात टाचणी घालून सगळे दिवे एकदम विझेपर्यंत दाबून धरायचं. आणि परत दिल्याची पोच अनुक्रमांकासकट घ्या, कारण "राउटर मिळालाच नाही" म्हणून पैसे लावल्याच्या तक्रारी बऱ्याच दिसतात. स्टिकरचा फोटो आधीच काढून ठेवा.

काडेपेटी

ईमेलचं लक्षातच आलं नव्हतं, बँकेत तोच पत्ता दिलाय. नोटीस पुढच्या आठवड्यावर ढकलतो.